'ऑनर्स' कोणाला? भाषाविज्ञान, नंदुरबार आणि पदवीचे चौथे वर्ष

पदवीचे चौथे वर्ष महाराष्ट्रात आले ते 'ऑनर्स' हा शब्द बरोबर घेऊनच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांनी ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून अंगीकारले. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावे किंवा आणखी एक वर्ष शिकून 'ऑनर्स' व्हावे, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर प्रबंधिका लिहून 'संशोधनासह ऑनर्स' व्हावे, अशी ही रचना आहे. संलग्न महाविद्यालयांतल्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष म्हणजे २०२७-२८. तेव्हा नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, नवापूर इथल्या कला महाविद्यालयांत ऑनर्ससाठी कोणते विषय ठेवले जातील, ह्याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. जे विषय आजवर होते तेच, त्याच क्रमाने, त्याच टिपणांसह ठेवले जातील.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की ह्या जिल्ह्यात ऑनर्सचे वर्ष ज्या विषयाला सर्वात आधी मिळावे, तो विषय भाषाविज्ञान आहे. आणि त्याचे नावसुद्धा कोणी काढत नाही, ह्याचे कारण पैशाची चणचण हे नाही. ह्या मुलखातल्या भाषा अभ्यासण्याजोग्या आहेत, हेच आपल्या विद्यापीठीय मराठीने मनापासून कधी मान्य केलेले नाही.

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावातून एखादी मुलगी महाविद्यालयात येते असे धरून चालू. घरी ती अहिराणी बोलते. वर्गात तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण घरी गुजरी बोलते. शेतात कामाला येणाऱ्या बायकांशी बोलताना तिच्या तोंडी भिलीतली चार वाक्ये सहज येतात. शाळेत दहा-बारा वर्षे प्रमाण मराठी झाली आहे, हिंदी चित्रपटांनी शिकवली आहे, आणि सुरतेला मामा असेल (खानदेशातल्या कोणाचा नाही?) तर गुजरातीही कानावरून गेली आहे. युरोपातल्या एखाद्या विद्यापीठात इतक्या भाषा कानात घेऊन आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला भाषाविज्ञानाच्या विभागाने हात धरून आत नेले असते. आपल्याकडे ती मराठीच्या वर्गात बसते आणि तिला पहिली गोष्ट सांगितली जाते ती ही की तिची मराठी अशुद्ध आहे.

तृतीय वर्षाला मराठी हा विषय घेतला तर भाषाविज्ञान तिला भेटते, नाही असे नाही. एका अभ्यासपत्रिकेत भेटते. भाषेच्या व्याख्या, स्वन आणि स्वनिम, रूपिका आणि रूपिम, ध्वनिपरिवर्तनाची कारणे, भाषाकुले, आणि शेवटी प्रमाणभाषा व बोली असे ते प्रकरणवार येते. त्या शेवटच्या प्रकरणात वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी ह्यांना एकेक परिच्छेद असतो. म्हणजे घरी आजी जी भाषा बोलते तिची 'वैशिष्ट्ये' ही मुलगी मार्गदर्शिकेतून पाठ करते, पाच गुणांसाठी. स्वनिमाचे उदाहरण पुण्याच्या मराठीतले, रूपिकेचे उदाहरण इंग्रजीतले. स्वतःच्या तोंडातल्या एकाही ध्वनीकडे लक्ष द्यावे लागू नये अशी ही व्यवस्था आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत एकदाही परीक्षानळी हातात धरली नाही, तर आपण त्या महाविद्यालयाची मान्यता काढून घेऊ. इथे तर परीक्षानळी प्रत्येक विद्यार्थ्याच्या गळ्यातच आहे.

ह्या तथाकथित अशुद्धतेचे एक उदाहरण नीट पाहू. 'मी शाळेत जास' असे कोणी निबंधात लिहिले की शिक्षकाची लाल शाई त्याखाली रेघ ओढते. आता अहिराणीतला वर्तमानकाळ समोर मांडा. मी जास, तू जास, तो जास, ती जास. आम्ही जातस, तुम्ही जातस, त्या जातस. पोटबोलींत उच्चार थोडेफार बदलतात, पण घडण हीच. प्रमाण मराठीत ह्याच ठिकाणी जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात असा पसारा आहे, कारण तिथे क्रियापद पुरुष, वचन आणि लिंग अशा तिन्ही गोष्टींचे ओझे वाहते. अहिराणीने वर्तमानकाळात पुरुष सोडला, लिंग सोडले, वचन तेवढे राखले. म्हणजे ही मोडतोड नाही. हा नियम आहे, आणि प्रमाण मराठीच्या नियमापेक्षा तो काटकसरी आहे. आजच्या स्वीडिश भाषेत वर्तमानकाळी क्रियापदाचे एकच रूप सर्व पुरुषांना आणि दोन्ही वचनांना चालते. तिला कोणी बिघडलेली जर्मन म्हणत नाही.

इथून पुढे प्रश्नांची रांगच लागते. पुरुष आणि लिंग गेले, मग वचन का राहिले? कर्ता वगळला तर अहिराणी बोलणारा 'मी' आणि 'तू' मधला फरक कशाने दाखवतो? सर्वनाम जास्त वेळा उच्चारावे लागते का? 'करस', 'जास' ह्यांतला 'स' कुठून आला? तो 'शे' ह्या सहायक क्रियापदाचा झिजलेला अवशेष आहे, की आणखी कशाचा? मूळच्या 'ळ'च्या जागी अहिराणीत 'य' येतो, डोळ्याचा 'डोया' आणि काळ्याचा 'काया' होतो, हे तर मार्गदर्शिकेतही आहे. पण 'शाळा', 'फळा', 'मुळाक्षरे' असे शाळेतूनच आलेले शब्द त्याच घरात कसे उच्चारले जातात? आजीच्या तोंडी कसे, नातवाच्या तोंडी कसे, आणि तोच नातू नंदुरबारच्या बसस्थानकावर अनोळखी माणसाशी बोलताना कसे? हा शेवटचा प्रश्न एका संपूर्ण प्रबंधिकेचा विषय आहे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक भ्रमणध्वनी, एक वही आणि ऐकण्याची शिस्त.

हे फार लहान काम वाटत असेल तर विल्यम लाबोव ह्या अमेरिकन भाषावैज्ञानिकाचे स्मरण करावे. मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या एका छोट्या बेटावरचे लोक दोन संयुक्त स्वर कसे उच्चारतात, एवढाच प्रश्न त्याने एम. ए.च्या निबंधासाठी घेतला. तो अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना बेटावरच राहायचे आहे आणि उन्हाळी पाहुण्यांच्या लोंढ्याचा राग आहे, त्यांच्या उच्चारात जुना बेटाचा सूर अधिक ठळक होतो, असे त्याला आढळले. समाजभाषाविज्ञान नावाच्या अख्ख्या शाखेच्या पायातला हा एक दगड. मार्थाज व्हिनयार्डच्या जागी तापीकाठ ठेवा आणि पाहुण्यांच्या जागी सुरतेहून दिवाळीला परतणारी मुले. प्रश्न तोच राहतो, फक्त तो अजून कोणी विचारलेला नाही.

अहिराणी मराठीची की गुजरातीची, हा वाद मात्र जुना आहे, आणि तो ज्या पद्धतीने चालला त्यातच दुखणे दिसते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा भिल्ल भाषा आणि खानदेशी ह्यांचा खंड १९०७ मध्ये निघाला. खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता तिथे ठेवल्याचा राग आपल्या विद्वानांनी पुढे बरीच वर्षे धरला. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. 'आहे'ला 'शे' म्हणतात, गुजरातीत 'छे'. षष्ठीला 'ना, नी, नं' लागतात, गुजरातीत 'नो, नी, नुं'. 'येईन'ला 'येसू', गुजरातीत 'आवीश'. उलट चतुर्थीचा 'ले' मराठीच्या 'ला'च्या दारात उभा आहे, गुजरातीच्या 'ने'च्या नाही. पण ह्या संपूर्ण वादात खानदेशी माणूस कोठे होता? ग्रियर्सनने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांमार्फत बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीची भाषांतरे मागवली. कोणी तरी कारकून, कोणी तरी मामलेदार, आणि त्यांच्यासमोर बसून ती गोष्ट आपल्या भाषेत सांगणारा कोणी तरी निनावी माणूस. तो 'निवेदक'. नमुना त्याचा आणि निष्कर्ष दुसऱ्याचा, ही वाटणी तेव्हा ठरली. तिला शंभर वर्षे उलटून गेली तरी ती फारशी बदललेली नाही.

अरुण जाखडे ह्यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये आला. गणेश देवी ह्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या प्रकल्पाने ही वाटणी मोडायचा प्रामाणिक प्रयत्न केला, आणि भाषेच्या माणसांनाच लिहायला बसवले. डेक्कन कॉलेजात सोनल कुलकर्णी-जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने बोलींचे नवे, ध्वनिमुद्रित सर्वेक्षण झाले, तेही मोलाचे. डॉ. रमेश सूर्यवंशी ह्यांनी अहिराणीचा शब्दकोश आणि तिचा भाषावैज्ञानिक अभ्यास ग्रंथरूपाने दिला. सुधीर देवरे ह्यांनी अहिराणीतून 'ढोल' काढले. ह्या कामांबद्दल आदर बाळगूनच हे म्हणायचे आहे की सर्वेक्षक येतो आणि जातो, आणि एकेकट्या माणसाची चिकाटी एका आयुष्यापुरती असते. दर वर्षी नवे दहा विद्यार्थी तयार करणारी जागा ह्या मुलखात नसेल, तर पुढच्या सर्वेक्षणातही कोरीटचा माणूस निवेदकच राहील.

अहिराणीचे निदान नाव तरी आहे. सातपुड्यातल्या भाषांचे काय? २०११च्या जनगणनेने खानदेशीची वेगळी नोंद केली आणि १८,६०,२३६ भाषक मोजले. 'भिली/भिलोडी' ह्या शीर्षकाखाली मात्र १,०४,१३,६३७ माणसे आहेत, आणि त्या एका कोठारात मावची, पावरी, वसावा, कोकणा, वारली, भिलाली असे सगळे कोंबलेले आहे. नवापूरकडची मावची आणि धडगावकडची पावरी परस्परांना किती समजते? धडगावच्या आश्रमशाळेत बाहेरून बदलून आलेला शिक्षक जेव्हा पहिलीच्या मुलाला 'हा बोलतच नाही' म्हणतो, तेव्हा तो मुलगा नेमके काय बोलत असतो? केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' नावाची यंत्रानुवादाची प्रणाली आणली. सुरुवातीच्या चार भाषांत भिली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण ती भिली मध्य प्रदेशातली आहे. ती धडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बाळंतिणीला कितपत कळेल, हे तपासायला शेदोनशे मूळ शब्दांची यादी, चार ध्वनिमुद्रित गोष्टी आणि दोन महिन्यांची पायपीट पुरते. ऑनर्सच्या विद्यार्थ्याला हे जमते. त्याच्याखेरीज आज हे करायला कोणाला सवड आहे?

पण 'भाषाविज्ञान शिकायचे तर पुण्याला जावे' हे आपल्याकडे इतके गृहीत आहे की त्यात काही चुकते आहे असे वाटतही नाही. डेक्कन कॉलेजचे ऋण कोणी नाकारू नये. सुमित्र मंगेश कत्रे, अ. मा. घाटगे, ना. गो. कालेलकर, अशोक केळकर ही माणसे तिथे होती. १९५४ नंतरच्या काही वर्षांत रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने तिथे झालेल्या भाषाविज्ञान वर्गांतून देशभरचे अध्यापक घडले. घाटगे ह्यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले तेव्हा त्यांचा भर कोकण किनाऱ्यावर राहिला, आणि एका माणसाला एका हयातीत किती मुलूख पालथा घालता येणार? यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे भाषाविज्ञान शिकले तेही डेक्कन कॉलेजातच. ते गेले, शिकले, पुढे काय झाले ते वाचक जाणतातच. पण नेमाड्यांना जमले म्हणून कोरीटच्या शेतकऱ्याच्या मुलीने चारशे किलोमीटरवर खोली भाड्याने घ्यावी, ही व्यवस्था नाही. आणि ती गेलीच, तर ज्या भाषेचा अभ्यास करायचा ती भाषा घरी टाकून जाणार.

ह्यावर आक्षेप येतील, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. 'नोकरी काय?' हा पहिला. त्याला 'ज्ञानासाठी ज्ञान' असे उत्तर देणे म्हणजे ज्याच्या घरी पोटाचा प्रश्न आहे त्याची थट्टा आहे. म्हणून सरळ तुलना करावी. आज त्याच महाविद्यालयातून मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्याला जी नोकरी मिळते, तीच भाषाविज्ञानवाल्याला मिळेल, किंवा मिळणार नाही. त्याखेरीज ध्वनी ऐकून लिहिता येणे, दोन भाषांतले अंतर मोजता येणे, शब्दसंग्रह पद्धतशीर जमवता येणे ही हातातली कौशल्ये त्याच्याकडे जास्तीची असतील. आश्रमशाळांना, वाचा-उपचारांना, यंत्रानुवादाच्या प्रकल्पांना ती लागतात.

दुसरा आक्षेप कुजबुजीचा आहे. बोलींना असे डोक्यावर बसवले तर मराठी फुटेल, आधीच जनगणनेने खानदेशी वेगळी काढली आहे, उद्या वेगळी भाषा मागतील. असे म्हणणाऱ्यांच्या मनात कोंकणी असते. साहित्य अकादमीने कोंकणीला १९७५ मध्ये स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. पण कोंकणी दूर गेली ती कोणी तिचे स्वनिम मोजले म्हणून का? माझ्या मते 'ही मराठीचीच एक अशुद्ध बोली' हे पिढ्यान् पिढ्या ऐकून दुखावलेल्या माणसांचा त्यात फार मोठा वाटा होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आपण दोन हजार वर्षांचा दाखला छातीवर लावून फिरत आहोत. त्या दोन हजार वर्षांतली कुठली रूपे आजही खानदेशात तोंडी जिवंत असतील, हे शोधायला कोणी नेमलेले नाही. दर्जा मागताना गाथा सप्तशती आठवते आणि निधी वाटताना तापीकाठ आठवत नाही, हा हिशेब चमत्कारिकच म्हणायचा.

तिसरा गट आक्षेप घेत नाही, उलट टाळ्या वाजवतो, आणि प्रस्तुत लेखकाला खरी धास्ती त्याचीच वाटते. हा बोलीप्रेमी गट. अहिराणी संमेलने होतात, फेटे बांधले जातात, विनोदी किस्से सांगितले जातात. 'झुमकावाली पोर'सारखे गाणे यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले जाते आणि 'आपली भाषा गोड' असे सर्वजण म्हणतात. गोडव्याचा हा गौरव ऐकला की शंका येते. ज्या भाषेची फक्त गोडी वाखाणली जाते, तिच्यात कोणी अर्ज, निकाल, विज्ञान लिहील अशी अपेक्षा नसते. 'गोड' हे 'अशुद्ध'चेच सणावारी रूप आहे. अहिराणीचे संपूर्ण वाक्यविन्यासासह व्याकरण वर्गात टेबलावर ठेवता येईल आणि मराठीच्या व्याकरणाइतकेच उलगडून शिकवता येईल, अशी मागणी त्या व्यासपीठावरून होऊ द्या, मग टाळ्यांत आम्हीही सामील होऊ.

राहता राहिला अध्यापकांचा प्रश्न, आणि तो खराच आहे. तासिका तत्त्वावर, दरमहा अनिश्चित मानधनावर, दोन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या अध्यापकाला 'आता भाषाविज्ञानही शिकव' म्हणणे हा जुलूम होईल. पण ह्या प्रश्नाला उत्तरे आहेत. ग्वाटेमालात १९७०च्या दशकापासून माया भाषा बोलणाऱ्या तरुणांना भाषाविज्ञानाचे रीतसर प्रशिक्षण दिले गेले, आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या भाषांची व्याकरणे व कोश स्वतः तयार केले. सुरुवातीला शिकवायला बाहेरची थोडी माणसे होती. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि स्वतःच्या लेवा बोलीत रचना करणाऱ्या बाईचे नाव एखाद्या विद्यापीठाला असणे ही जगातही दुर्मिळ गोष्ट असावी. त्या विद्यापीठाने जिल्ह्यातली एक-दोन महाविद्यालये निवडावीत, डेक्कन कॉलेज व मुंबई विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागांशी करार करावा, उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा वर्ग चालवून मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती ह्या विभागांतले इच्छुक अध्यापक तयार करावेत. चौथ्या वर्षी एकच मुख्य अभ्यासपत्रिका ठेवावी, क्षेत्रकार्याची, आणि तीत वर्गातल्याच एका विद्यार्थ्याची भाषा सर्वांनी मिळून वर्षभर उकलावी. यंदा गुजरी, पुढल्या वर्षी मावची, त्यापुढे पावरी. ज्याची भाषा असेल त्याला नियमितपणे तपासनीस म्हणून बसवावे आणि बाकीच्यांच्या निष्कर्षांवर त्याची सही असल्याशिवाय प्रबंधिका स्वीकारू नये.

आराखड्यानुसार 'संशोधनासह ऑनर्स'च्या प्रबंधिकेला १२ श्रेयांक आहेत. ते कुठल्या तरी कादंबरीतल्या 'स्त्रीचित्रणा'वर, आधीच्या चार प्रबंधांतून उतरवून काढायचे, की 'करस' मधल्या 'स'चा माग कोरीटपासून नवापूरपर्यंत गावोगाव काढायचा, हे अभ्यासमंडळाने ठरवायचे आहे. अभ्यासमंडळाची ती बैठक चौथ्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी व्हायला हवी, आणि तिच्या विषयपत्रिकेवर भाषाविज्ञान यावे म्हणून निदान मराठीच्या अध्यापकांनी तरी लेखी पत्र द्यावे.